चालीतल्या उड्या

पुण्याला दोन वर्षं राहून मी संगीताची परीक्षा दिली. लेखी पेपरात पहिला आलो आणि गाण्यात कसाबसा पास झालो. बुलढाण्याला परत आल्यावर यातली पहिली गोष्ट मी भेटेल त्याला सांगितली, दुसरी कुणालाच नाही.

शाळेत मी भूगोल शिकवायचो. आठवड्यातून दोन तास संगीताचे मिळायचे, तेही मी फळ्यावर निभावून न्यायचो. सप्तक म्हणजे काय, राग म्हणजे काय, मुलं वहीत उतरवून घ्यायची. कुणी म्हणालं, "सर, एकदा गाऊन दाखवा ना," तर माझा घसा बसलेला असायचा. कधी थंडी, कधी धूळ. गावच्या हवेला मी इतका दोष दिला की बाहेरच्या माणसाला बुलढाणा म्हणजे रोगट जागा वाटली असती. वास्तविक आमचं गाव उंचावर, हवा उत्तम. लोक तिथं प्रकृती सुधारायला यायचे.

महाराष्ट्र राज्य होऊन काही वर्षं झाली होती. कचेऱ्यांतून मराठी टाइपरायटर आले होते आणि सगळीकडे मराठीत काहीतरी नवं करून दाखवायची हौस होती. त्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या आवारात जिल्ह्यातल्या शिक्षकांचा मेळावा ठरला. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "एक स्वागतगीत बसवा."

गीत म्हटलं की ते कुणाला तरी गाऊन शिकवावं लागणार. मी म्हणालो, "सर, गीत सगळेच करतात. आपण वाद्यवृंद करू."

"म्हणजे बँड?"

"बँड नाही. तंतुवाद्यं. मी चाल बांधतो, ती स्वरलिपीत लिहितो. वादक कागद वाचून वाजवतील."

हेडमास्तरांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. त्या एका नजरेवर मी पुढचे दोन महिने जगलो.

शाळेत एक पेटी होती, चांगली वाजणारी. ती मी वगळली. पुण्यात पेटीला परकं वाद्य म्हणून नावं ठेवणारे लोक भेटले होते आणि त्यांचं मत मी सामानाबरोबर गावी आणलं होतं. तबल्याला आमचे ड्रॉइंग मास्तर तयार झाले. राहिले तारेवर वाजवणारे. बरीच विचारपूस केल्यावर दोघं सापडले.

एक होते पिंपळगाव राजाचे शेतकरी. साठीच्या आसपासचे, उंच, सावकाश बोलणारे. गावच्या भजनी मंडळात ते दिलरुबा वाजवायचे. दिलरुबा म्हणजे मांडीशी उभा धरून गजानं वाजवायचं वाद्य. तरुणपणी गावात मुक्कामाला राहिलेल्या एका बैराग्याकडून ते शिकले होते आणि त्यानंच त्यांना सारेगम लिहायला-वाचायला शिकवलं होतं. मी त्यांना काका म्हणायचो. दुसरे अमडापूरचे प्राथमिक शिक्षक, माझ्याच वयाचे. तिथल्या बौद्ध वस्तीत एक गायनपार्टी होती, तिच्यात ते लहानपणापासून व्हायोलिन वाजवत आलेले. बोलायला मऊ, कपडे कडक इस्त्रीचे. त्यांना सगळे गुरुजी म्हणत, मीही म्हणू लागलो.

दोघांनाही मी पहिल्याच भेटीत स्वरलिपीवर व्याख्यान दिलं. खालच्या सप्तकातला स्वर असेल तर अक्षराखाली ठिपका, वरच्या सप्तकातला असेल तर अक्षरावर ठिपका, मधल्याला काही नाही. त्या दोघांना हे ठाऊक होतं. तरी त्यांनी ऐकून घेतलं.

चाल मी भीमपलासात बांधली. सुरुवात खालच्या निषादापासून, मग हळूहळू चढत शेवटी वरच्या षड्जावर जाऊन थांबायचं. बांधली म्हणजे डोक्यात बांधली. ती मी तोंडानं म्हटलेली नव्हती आणि कुठल्या वाद्यावर वाजवलेलीही नव्हती. माझ्या डोक्याबाहेर ती कुणी ऐकलेली नव्हती.

प्रती काढायला शाळेच्या कचेरीत सायक्लोस्टाइल मशीन होतं. मेणाच्या कागदावर टाइप करायचं, अक्षरांच्या जागी मेण निघून जातं, आणि मग शाई लावून रूळ फिरवला की पाहिजे तितक्या प्रती. आमचे कारकून परीक्षेचे पेपर त्याच्यावर काढायचे आणि हात इतका साफ की एक अक्षर पुसट नाही. ते म्हणाले, "द्या, मी काढून देतो."

मी म्हणालो, "हे संगीत आहे. तुम्हाला कळायचं नाही."

त्यांनी खुर्ची रिकामी करून दिली. जाता जाता एवढंच म्हणाले, "सर, टिंबं जपून मारा. जोरात मारलं तर भोक पडते आणि डाग उमटते. हलकं मारलं तर काहीच उमटत नाही. झाल्यावर कागद उजेडात धरून पाहा."

मला भोक पडण्याची भीती बसली. अख्खा दिवस खपून मी तो कागद टाइप केला. प्रत्येक खालच्या ठिपक्यासाठी रूळ अर्धी ओळ फिरवायचा, बटण अलगद दाबायचं, रूळ परत आणायचा. इतकं अलगद दाबलं की यंत्रालाही पत्ता लागला नाही. कागद उजेडात धरून पाहिला का? नाही. सगळी चाल मला पाठ होती. प्रती निघाल्यावर त्यावर नजर फिरवली तेव्हा ठिपके मला दिसले. म्हणजे माझ्या डोक्यातले दिसले.

कागद घेऊन दोघं आपापल्या गावी गेले. तीन आठवडे घरी सराव करायचा आणि मग एका रविवारी शाळेत एकत्र वाजवायचं असं ठरलं होतं.

त्या रविवारी मी हातात फूटपट्टी घेऊन वादकांसमोर उभा राहिलो. पुण्यात एका कार्यक्रमात कुणीतरी काठी हलवून वाद्यवृंद चालवताना पाहिलं होतं. ड्रॉइंग मास्तरांनी ठेका धरला, मी पट्टी हलवली आणि काका व गुरुजी दोघांनी एकाच वेळी गज ओढले.

जे कानावर आलं ते सांगणं अवघड आहे. पहिला स्वर उंचावर वाजला आणि तिथून दोघंही एकदम खाली आले. मग थोडं बरं चाललं, मग पुन्हा वर उडी, पुन्हा खाली. शेवटी जिथं चाल चढत चढत वरच्या षड्जावर पोचायची, तिथं ती शिखराच्या एक पायरी अलीकडून धाडकन तळाला आली. आणि गंमत म्हणजे दोघंही अगदी एकसारखे पडले. सराव चोख होता. काकांचा हात त्या उड्या घेताना दिलरुब्याच्या मानेवरून असा सर्रकन धावायचा की पाहत राहावं.

मी पट्टी खाली ठेवली आणि म्हणालो, "तारा बिघडल्यात."

गुरुजी आपल्या व्हायोलिनकडे पाहू लागले. काका म्हणाले, "असंन."

पुढच्या शनिवारी मी अकोल्याला जाऊन नव्या तारा आणल्या. काकांच्या दिलरुब्याला तार मीच चढवणार म्हणून हट्ट धरला. खुंटी पिळता पिळता तार तुटली आणि माझ्या गालावर सपकन बसली. काकांनी दुसरी तार माझ्या हातून घेतली आणि दोन मिनिटांत चढवली. पुन्हा वाजवलं. त्याच उड्या, फक्त आता जास्त स्वच्छ ऐकू येत होत्या.

मग मी राळेला दोष दिला. गजाच्या केसांना राळ कमी पडते, त्यामुळं स्वर निसटतो, असं एक शास्त्र मी तिथल्या तिथं तयार केलं. दोघांनी इतकी राळ घासली की वर्गात पांढरा धुरळा उडाला आणि ड्रॉइंग मास्तरांना ठसका लागला. त्याच्या पुढच्या रविवारी बुलढाण्याच्या कोरड्या हवेची पाळी आली. लाकूड आकसतं, मी म्हणालो. वाद्यांवर ओलं फडकं टाकून ठेवा. काकांनी नम्रपणे विचारलं, "अन् वाजवाचं कवा, फडकं काढून का वरून?"

शेवटी मी वादकांवर घसरलो. "काका, तुम्ही वाचताना चुकताय. कागदावर काय लिहिलंय ते नीट बघा. कागद चुकत नाही."

काका कागदावर बोट ठेवून बराच वेळ पाहत राहिले. "मले बी तेच वाटते, मास्तर," ते म्हणाले. "तुमी पुण्याहून शिकून आले. कागद बराबर असंन, मीच चुकून राह्यलो. पण मले इथं असंच दिसते."

यावर मी त्यांना धीर दिला. हे आठवलं की आजही मान खाली जाते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "वयोमानानं होतं असं."

काका पाणी प्यायला बाहेर गेल्यावर गुरुजी कागद घेऊन माझ्याजवळ आले.

"सर, हा शेवटचा सा वरचा का खालचा?"

"वरचा. उघड आहे. अक्षरावर ठिपका आहे ना."

"ठिपका कुठं आहे?"

"चष्मा लावा," मी म्हणालो आणि बोटानं दाखवायला कागद हातात घेतला. बोट त्या सा वर गेलं आणि तिथंच राहिलं. ठिपका नव्हता. मी पहिल्या ओळीतला नि पाहिला, त्याच्याखालीही नव्हता. सगळा कागद चाळला. अख्ख्या पानावर एकही ठिपका नव्हता. माझी वरची-खालची सगळी सप्तकं एकाच मधल्या सप्तकात येऊन कोंबली गेली होती, आणि हे दोघं बिचारे जसं लिहिलं तसं वाजवत होते.

याच क्षणी खरं सांगून टाकायला हवं होतं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "शाई जरा फिकट आलीय. मी नव्या प्रती काढतो."

गुरुजी म्हणाले, "बरं, सर."

नवा कागद टाइप करताना मी आधीची चूक पुरती सुधारली. म्हणजे ठिपके असे ठोकून मारले की मेणकागदाला चाळणीसारखी भोकं पडली. रूळ फिरवल्यावर प्रत्येक भोकातून शाई फुटली आणि पान गोवर आल्यासारखं दिसू लागलं. खालच्या ओळीच्या अक्षरावरचा डाग आणि वरच्या ओळीच्या अक्षराखालचा डाग एकमेकांत मिसळले. कोणता ठिपका कुणाचा हे मलाही सांगता येईना. कारकुनांनी माझ्या खांद्यावरून एकदा पाहिलं आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले. तरी त्या प्रती मी टपालानं पाठवल्याच.

पुढच्या रविवारी काका आले नाहीत. कापूस वेचायला माणसं कमी पडली होती, असा निरोप आला. मेळावा आठ-दहा दिवसांवर आला होता. गुरुजी म्हणाले, "आपणच जाऊ, सर." दुसऱ्या दिवशी दोघांच्याही शाळांना लवकर सुट्टी होती. बसनं घाट उतरून आम्ही खामगावला गेलो, तिथून दुसरी बस धरून पिंपळगाव राजाला. काका शेतातच होते. त्यांनी आम्हाला बांधावरच्या कडुनिंबाखाली बसवलं, माणूस पाठवून घरून दिलरुबा मागवला. काकू जवळच तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

काकांनी डागांचा कागद मांडीवर पसरला, दूर धरला, जवळ धरला. मग घडी घालून खिशात ठेवला.

"मास्तर, एक इचारू का? राग मानाचा नाही."

"विचारा."

"हे कागदाचं राहू द्या. तुमी एकडाव म्हणून काऊन नाही दाखवत? चाल तुमची, तुमाले तं ठावी असंन."

मी म्हणालो, "माझा घसा..."

"पान्याची कळशी हाये," काका म्हणाले.

घशाची सबब पुढं चालेना. हवेला दोष द्यावा तर हवा छान पडलेली. मी गुरुजींकडे पाहिलं. ते आपल्या व्हायोलिनच्या पेटीची कडी निरखत होते. मग मी पुण्यातल्या परीक्षेची गोष्ट सांगितली, आयुष्यात पहिल्यांदा. परीक्षकांनी माझं गाणं दोन मिनिटं ऐकलं, तंबोरा थांबवायला सांगितला आणि म्हणाले, "तुम्ही लेखी फार छान लिहिता." तेवढ्यावर त्यांनी मला पास केलं. त्या दिवसापासून मी कुणासमोर गायलो नव्हतो. न्हाणीघरातसुद्धा नाही.

काकांनी ऐकून घेतलं. "इथं कोनाले परीक्षा घ्याची हाये?" ते म्हणाले. "म्हना."

मी म्हटलं. पहिला नि इतका खाली गेला की तो स्वर होता का नुसता श्वास, देव जाणे. मधे आवाज फाटला. वरच्या सा ला पोचायला मी मान वर केली, डोळे मिटले, आणि जो आवाज निघाला त्यानं शेजारच्या शेतातल्या वेचणाऱ्या बायका कंबर सरळ करून पाहू लागल्या. काकूंचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

काका डोळे मिटून बसले होते. "आनखी एकडाव," ते म्हणाले.

मी चार वेळा म्हटलं. चौथ्या वेळी काकांनी दिलरुबा उभा केला आणि माझ्यामागून वाजवायला लागले, तुटक तुटक. मग गुरुजींचं व्हायोलिन निघालं. मी थांबलो तरी ते दोघं थांबले नाहीत. दोन महिने जी चाल फक्त माझ्या डोक्यात होती ती निंबाखाली बाहेरून ऐकू आली. माझ्या डोक्यातल्यापेक्षा चांगली होती. काकांनी दोन जागी स्वर असा लांबवला की ते लिहायचं माझ्या मनातही आलं नसतं.

वाजवून झाल्यावर मला राहवलं नाही. मी विचारलं, "काका, माझा आवाज कसा वाटला?"

"आवाजाचं काय घेऊन बसले? चाल समजली न."

यानंतर मी ठिपक्यांचं सांगितलं. तारा, राळ, हवा, त्यांचं वय, सगळं खोटं होतं आणि चूक माझ्या कागदाची होती.

"म्हंजे त्या उड्या नव्हत्याच?" काकांनी विचारलं.

"नव्हत्या."

"अन् मी घरी सांगून राह्यलो होतो का पुण्याची चाल लय अवघड असते. हिले बी सांगतलं," ते काकूंकडे बोट करून म्हणाले. "बोट सुजलं तं हळद लावून वाजवलं, बाप्पा."

काकू खाली मान घालून हसत होत्या. त्यांचं पाहून गुरुजी हसले, आणि मग काका असे हसले की त्यांना दिलरुबा खाली ठेवावा लागला. मी पण हसलो, पण सगळ्यात शेवटी.

परत येताना बसमध्ये मी गुरुजींना विचारलं, "तुमच्या लक्षात कधी आलं होतं?"

"दुसऱ्या रविवारी, सर."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची खात्री लय होती," गुरुजी म्हणाले. "त्या खात्रीपुढं मलेच माझ्या डोळ्यांची शंका आली. मग म्हटलं, आधी विचारून पाहावं."

मेळाव्याच्या दिवशी पाहुणे दोन तास उशिरा आले. हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की वाद्यवृंद आटोपता घ्या. आम्ही आटोपता घेतला, म्हणजे चाल एकदाच वाजली. मी फूटपट्टी नेली नव्हती. मांडवात मायक्रोफोन एकच, तोही भाषणाच्या टेबलावर बांधलेला. पहिल्या तीन रांगांनी दिलरुबा ऐकला असेल, बाकीच्यांनी ड्रॉइंग मास्तरांचा तबला. टाळ्या बऱ्यापैकी पडल्या, पण त्या वेळी मागच्या दारानं चहा येत होता, म्हणून मी त्या सगळ्या आपल्या मानत नाही. प्रमुख पाहुण्यांनी खाली उतरून काकांना विचारलं, "हे कोणतं वाद्य?" काकांनी त्यांना बैराग्यापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. कार्यक्रम दहा मिनिटं थांबून राहिला आणि पाहुणे खाली मांडी घालून ऐकत बसले. त्या दिवसातला तोच भाग लोकांच्या लक्षात राहिला.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत जाऊन कारकुनांची माफी मागितली. ते म्हणाले, "कागद उजेडात धरला असता तर दिसलं असतं, सर," आणि पुन्हा कामाला लागले. शाळेत संगीताच्या तासांना मी हळूहळू गाऊ लागलो. मुलं मागं नक्कल करायची, ते मला माहीत होतं. पण फळा पुसायचं काम कमी झालं.

काकांकडे मी पुढं चार-पाच वर्षं जात राहिलो. त्यांच्या भजनी मंडळाच्या चाली कुठं लिहिलेल्या नव्हत्या. त्या लिहून घ्या, असं त्यांनीच सुचवलं. ते वाजवायचे, मी लिहायचो, मग लिहिलेलं मी त्यांना म्हणून दाखवायचो. ते मधेच थांबवायचे. "इथं असं नाही," म्हणायचे आणि पुन्हा वाजवायचे. कितीदा तरी मला फरक ऐकू यायचा नाही. तसं मी सांगायचो. तेव्हा ते गज खाली ठेवून, चहा घेऊन, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. गुरुजींची बदली मेहकरकडे झाली, तरी सुट्टीत ते यायचे. ते आले की काम भराभर व्हायचं, कारण त्यांच्या कानाला फरक लगेच कळायचा आणि मी नुसता लिहिणारा उरायचो. ते काम मला चांगलं जमत होतं.